बाटलीतलं काळवंडलेलं नाणं

शनिवार, दुपार

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. एरवी मी ‘सा. न.’ एवढ्यावर भागवतो आणि पुढच्याच ओळीत काहीतरी मागतो, हे तू मला अनेकदा ऐकवलं आहेस. या वेळी नमस्कार पूर्ण लिहिला आहे आणि घातलाही आहे (डावा गुडघा सोडून, तो वाकत नाही हे तुला ठाऊक आहे). तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा डोळा कसा आहे? छकुली बाळाला घेऊन येत्या आठवड्यात माहेरी येणार असं तू फोनवर म्हणालीस, तर बाळाला आता दात आले का, आणि दिसेल ते तोंडात घालायची त्याची खोड अजून तशीच आहे का? (हा प्रश्न उगाच विचारलेला नाही. या खोडीबद्दल पुढे बरंच येणार आहे, आणि त्यात बाळाचं नाव कुठेही नाही.) माझी तब्येत तशी ठणठणीत आहे. फक्त अन्नाला चव लागत नाही आणि मी उठसूट चुळा भरतो. कागद वहीतला आहे, पेन उसनं आहे आणि टेबल डुगडुगतं आहे, म्हणून अक्षर असं. लाजेचाही त्यात वाटा आहे, पण सगळा दोष लाजेवर ढकलणं बरं नाही.

एक विनंती. हे पत्र बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून मला फोन करू नकोस, मी तो उचलणार नाही. उचलायची हिंमत असती तर पत्र कशाला लिहीत बसलो असतो?

आता मुद्द्यावर येतो. (येतो म्हणालो खरा, पण थोडा वळसा पडेल. सरळ आलो तर तू पहिल्या ओळीतच कागद टराटरा फाडशील.) छापखान्यात मी जन्मभर मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असा माझा धंदा. निवृत्त झालो तरी डोळ्यांची सवय सुटेना. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, शेजाऱ्यांच्या दारावरची नावं, काही सोडलं नाही. शेवटी तुझी भावजय हात जोडून म्हणाली, अहो, माणसांच्या चुका पुरे झाल्या, आता वस्तूंच्या काढा. म्हणून मी नाण्यांकडे वळलो. लोक सोन्याची, राजेरजवाड्यांची नाणी जमवतात. आम्ही जमवतो ती बिघडलेली. टांकसाळीत धातू वितळवताना त्यात मळी राहिली, काजळी राहिली किंवा भलत्याच धातूचा तुकडा पडला, की तो रस नीट एकजीव होत नाही. पुढे त्याचा पत्रा लाटला, चकत्या कापल्या, ठसा मारला, तरी आत दडलेली भेसळ कधी ना कधी वर येते. कुठे कांद्यासारखा पापुद्रा सुटतो, कुठे फळीसारख्या रेघा उमटतात, कुठे काळा डाग पडतो. असलं नाणं तपासनिसाच्या नजरेतून निसटून बाजारात आलं, की आमच्यासारखे लोक त्याच्यावर जीव ओवाळून टाकतात. तू एकदा म्हणाली होतीस, म्हणजे नासकी नाणी जमवतोस म्हण की! तेव्हा मी दोन घास कमी जेवलो होतो. आज वाटतं, तू फारच सौम्य बोललीस.

आमचं मंडळ आहे हे तुला माहीत आहे. मुख्याध्यापक (निवृत्त, पण अजून प्रत्येक वाक्यानंतर ‘समजलं का?’ विचारतात), दंतवैद्य, औषधांच्या दुकानाचे मालक आणि मी. बैठक दंतवैद्यांच्या दवाखान्यात, पेशंट थांबतात त्या खोलीत. मुख्याध्यापक अध्यक्ष, मी चिटणीस, उरलेले दोघे सभासद आणि एकमेकांचे वैरी. आणि आमच्या मंडळाची एक खास पद्धत आहे, जी आता सांगावीच लागणार. नवीन नाणं आलं की ते भिंगाखाली बघतात, टेबलावर टाकून त्याचा आवाज ऐकतात, आणि मग जिभेवर ठेवतात. हो, जिभेवर. शुद्ध धातू जिभेला गार लागतो आणि गप्प बसतो, भेसळीचा बोलतो, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. हे शास्त्र त्यांनी कुठून आणलं ते आम्ही कधी विचारलं नाही. अध्यक्षांची जीभ, अध्यक्षांचं मत.

तर मागच्या महिन्यात भाऊजींच्या मोतीबिंदूच्या वेळी मी तुझ्याकडे राहायला आलो होतो. मदतीला आलो होतो असं म्हणतात, पण चहा पिण्यापलीकडे मी काय केलं ते मलाही आठवत नाही. तू भाऊजींना घेऊन दवाखान्यात, कामाच्या मावशी स्वयंपाकघरात, आणि मी बाहेरच्या खोलीत एकटा. जुन्या किल्ल्या कुठल्या कुलपाच्या असतील हे बघावं म्हणून मी काचेचं कपाट उघडलं (कुणी सांगितलं नव्हतं). किल्ल्यांच्या मागे गोळ्यांची एक छोटी बाटली, बाटलीत कापूस, आणि कापसात नाणं. ताई, ते नाणं मी खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. अर्ध्या चेहऱ्यावर काळा पट्टा, कडेला बारीक खड्डे, मध्ये रेघा. इतकं सुंदर नासलेलं नाणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं! मी मनाशी म्हणालो, यांना बिचाऱ्यांना काय माहीत आपल्या घरात काय पडलंय, किल्ल्यांच्या मागे टाकलंय. आणि माझ्या खिशात तसलंच, त्याच किमतीचं, चकचकीत नाणं होतं. ते मी कापसात ठेवलं, हे खिशात टाकलं. किंमत तीच, धातू तोच, म्हणजे हिशेबाने कुणाचंच काही गेलं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुला विचारायला काय झालं होतं? विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग ते मिळालं नसतं. खरं कारण एवढंच आहे, आणि ते लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

परत येताना बसला ही गर्दी. खिसे कापणारे असतात, म्हणून मी नाणं खिशातून काढून गालात ठेवलं. सबंध रस्ताभर. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं तेव्हा मी जे काही बोललो त्यावरून त्याला वाटलं माझी दाढ सुजली आहे, आणि त्याने एका धडधाकट माणसाला उठवून मला जागा दिली. लोक किती चांगले असतात! मी खिडकीशी बसून नाणं या गालातून त्या गालात फिरवत घरी आलो.

बैठकीत तर दिवाळखोराला घबाड सापडावं तसं झालं. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून ते जिभेवर ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि म्हणाले, बोलतंय. खूप बोलतंय. दंतवैद्यांनी चव घेतली आणि सुरुवातीला तुरट, मागाहून कडवट, असा निर्वाळा दिला. औषधवाल्यांनी एकदा घेतली, दुसऱ्यांदा घेतली आणि टेबलावर हात आपटून जाहीर केलं की यात गंधक आहे. दंतवैद्य म्हणाले, शक्य नाही. औषधवाले म्हणाले, पुन्हा बघा. मग त्यांनी पुन्हा बघितलं, मग यांनी पुन्हा, मग अध्यक्षांनी निवाड्यासाठी, मग माझंही मत घ्यावं म्हणून मी. अशी किती आवर्तनं झाली ते मी सांगणार नाही. शेवटी गंधकाचा अंश एकमताने मान्य झाला. वाचनालयाच्या दालनात आमचं छोटं प्रदर्शन होतं, तिथे ते काचेखाली ठेवलं गेलं आणि खाली अध्यक्षांच्या हस्ताक्षरात चिठ्ठी: ‘धातुरसातील अशुद्धीचा दुर्मीळ नमुना. चिटणिसांच्या घराण्याकडून.’ घराण्याकडून! मी तो शब्द वाचला आणि छाती फुगवून उभा राहिलो. मुद्रितात असली चूक सापडली असती तर मी लाल शाईने तिचा मुडदा पाडला असता.

आणि मग तुझा फोन आला.

तू आधी भाऊजींची गंमत सांगितलीस. पट्टी काढल्यावर त्यांनी घरभर हिंडून एकेक वस्तू बघितली, बाटली उघडली, आणि ओरडले की नवा डोळा म्हणजे काय चीज आहे, काळं नाणंसुद्धा लखलखीत दिसतंय! डॉक्टरांना फोन करून आभारही मानले. मी हसलो. मग तुझा आवाज बदलला. तू म्हणालीस, डोळा यांचा बदलला, नाणं कसं बदलेल? ते घासलंय कुणीतरी. आणि घरात घासणारं माणूस एकच. तू सांगत गेलीस आणि मी ऐकत गेलो. छकुली तीन वर्षांची असताना तिने गिळलेलं ते नाणं. कितीतरी दिवस ते पोटातच होतं, तुम्ही सगळे जीव मुठीत धरून होतात, डॉक्टर म्हणत होते वाट बघा, आणि शेवटी ते बाहेर आलं ते असं काळवंडून. भाऊजी म्हणाले, जसं आलं तसंच ठेवा, त्याला हात लावू नका. म्हणून नळाखाली जरा धरलं न धरलं आणि बाटलीत टाकलं. (ताई, ‘जरा धरलं न धरलं’ हे तुझे शब्द. ते ऐकताना माझी जीभ टाळ्याला चिकटली, आणि नंतर तिथूनही दूर पळायला बघत होती.) मी तेव्हा बाहेरगावी नोकरीला होतो. नाणं गिळल्याचं कानावर होतं, जपून ठेवल्याचं नव्हतं.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पुढचं नाही. मावशी म्हणाल्या मी हात लावला नाही. तू म्हणालीस, म्हणजे मी खोटं बोलते का? मग रागाच्या भरात म्हणालीस की तुमच्या हाताला खाजच आहे, दिसलं की घासायचं. मावशींनी हातातलं फडकं पिळून वाळत घातलं, घराची किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवली आणि गेल्या, त्या आल्याच नाहीत. छकुली रांगत नव्हती तेव्हापासून त्या तुझ्याकडे आहेत. आता छकुली दारात पाऊल टाकताच ‘मावशी कुठेय?’ विचारणार, आणि तू काय सांगणार, हे तू मला विचारलंस. आणि मी, तुझा सख्खा भाऊ, फोन कानाला लावून काय बोललो आठवतं? मी म्हणालो, ‘काय करणार ताई, आजकाल कुणावर विश्वास ठेवायची सोय राहिली नाही.’

हे वाक्य मी बोललो. माझ्याच तोंडून गेलं, त्याच तोंडून. चोरी केली त्याची लाज वाटते, नाणं चाखलं त्याची किळस वाटते, पण या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नाही. पाण्याने चूळ भरून ते जात नाही. तू फोन ठेवल्यावरही माझा फोन कानालाच होता. तुझी भावजय म्हणाली, कुणी गेलं का? मी तिला सगळं सांगितलं. तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, आधी ते नाणं आणा, मग जेवायला वाढते.

नाणं आणायचं म्हणजे मंडळाला सांगणं आलं. मी बैठक बोलावली. प्रस्तावना लांबलचक केली, घराणं, आठवणी, बालपण असं फिरत फिरत पोटापर्यंत आलो आणि एकदाचं सांगून टाकलं. अध्यक्ष उठले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि पहिल्यांदाच आयुष्यात ‘समजलं का?’ न विचारता बसले. दंतवैद्य आत गेले. आतून गुळण्यांचा आवाज येऊ लागला आणि तो काही थांबेना; बाहेर बसलेली एक पेशंट बाई तो आवाज ऐकून न दाखवताच निघून गेली. औषधवाले तेवढे खुशीत होते. ते म्हणत होते, गंधक म्हणालो होतो की नाही? म्हणालो होतो की नाही? त्यांना पुढचं काही ऐकूच येत नव्हतं. मी चिटणीसपदाचा राजीनामा द्यायला तोंड उघडलं, तर वाक्य पूर्ण व्हायच्या आत तो मंजूर झाला. जिभेची कसोटी त्याच बैठकीत कायमची रद्द झाली. वाचनालयातून नाणं आणायला अध्यक्ष स्वतः सगळ्यांना घेऊन आले आणि काचेखालून ते उचलायची वेळ आली तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. अखेर दंतवैद्यांनी दात उपटायचा चिमटा काढला, नाणं धरलं आणि हात लांब ठेवून माझ्या रुमालात टाकलं. चिमटाही मलाच देऊन टाकला.

तर ताई, ते नाणं या पत्रासोबत आहे. घासलेलं नाही, पुसलेलं नाही (चाखलेलं मात्र भरपूर आहे, ते आता परत घेता येत नाही). भाऊजींना सांग की त्यांचा डोळा उत्तम झाला आहे, फक्त मेव्हणा मोतीबिंदूसारखा आहे, वेळेवर काढायला हवा होता. छकुलीला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. मी दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म घालवला आणि स्वतःची एवढी मोठी चूक दुसऱ्याच्या माथ्यावर मारून गप्प बसलो. माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहितो. माफ कर.

तुझा
(नासका) धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. मी सकाळच्या बसने आलो आणि आधी मावशींच्या घरी गेलो. कोपऱ्यावरच्या वाण्याने पत्ता सांगितला. मावशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. गालातल्या नाण्यापर्यंत आलो तेव्हा त्या इतक्या हसल्या की घडी घातलेली चादर सुटली. मग चादर पुन्हा उचलत म्हणाल्या, ‘ते सापडलं कुणाला, विचारा तुमच्या ताईंना. त्यांना बघवत नव्हतं, त्या बाहेर रडत बसायच्या. रोज मी बघायची, काडीनं. मिळालं तेव्हा हातात घेऊन मी मोरीतच बसकण मारली. ते मी घासीन?’ ताई, हे मला ठाऊक नव्हतं. तुला होतं. मी यापुढे काही लिहीत नाही, चुका काढणं मी सोडलं आहे. हे डुगडुगणारं टेबल मावशींच्या नातीचं, वहीही तिचीच. मावशींनी एकच अट घातली, की जे मला सांगितलंत ते जसंच्या तसं लिहून द्या, मी स्वतः नेऊन देते आणि त्यांनी माझ्यासमोर वाचायचं. तेव्हा ज्या बाईने हे पत्र तुझ्या हातात दिलं ती तुझ्यासमोर उभी आहे. आधी तिला बसायला सांग. किल्ली चपलांच्या कपाटावर अजून तशीच असेल तर तू स्वतः उचलून दे.

ता. क. २. तू हे वाचत असताना मी खाली इस्त्रीवाल्याच्या दुकानाशी उभा असेन. पिशवीत तुझ्या भावजयीने दिलेलं स्वेटर आहे बाळासाठी. मावशींशी बोलून झाल्यावर, आधी नाही, मन झालं तर रस्त्याकडची खिडकी उघड. नाही उघडलीस तर मी संध्याकाळच्या बसने परत जाईन, वाईट वाटून घेणार नाही. (वाटेल.)

ता. क. ३. नाणं घासलंय हे मला दिसावं म्हणून तू फोनवर जो फोटो पाठवला होतास, तो मी मोठा करून पाहिला. बाटलीत मी ठेवलेल्या त्या चकचकीत नाण्याच्या कडेला, उजवीकडे खाली, एक बारीकसा पापुद्रा सुटलेला दिसतो. खिशात होतं तेव्हा माझ्या लक्षातच आलं नव्हतं! अस्सल भेसळीचं नाणं आहे ग ते, या वेळी खरंच. तुला नाहीतरी त्याचा काही उपयोग नाही, तर मावशींच्या हाती खाली पाठवशील का?

ता. क. ४. पत्र मावशींनी चष्मा लावून वाचलं. वरचा मजकूर वाचून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो खोडायला पेन उचललं. त्यांनी पेन काढून घेतलं. म्हणाल्या, ‘राहू दे. ताईंना वाटतं घासलं की सगळं निघतं. बघू दे, काही काही नाही निघत.’